बी.एस्सी.चा तास: व्याख्यान कमी करून नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवणारे तरुण सर लिहितात: फर्स्ट इयरला शंभरावर मुलं आहेत, बहुतेक दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी माध्यमाची. तासाला गप्प बसतात, "कळलं का?" विचारलं की माना डोलावतात. पेपरात पाठ केलेलं लिहितात आणि प्रश्न जरा फिरवून आला की कोरा कागद. गणिताच्या मॅडमचंही हेच रडगाणं. विभागप्रमुखांचं एकच म्हणणं, पोर्शन संपवा. वर्गात काही वेगळं करायचं तर सुरुवात कुठून करू? आणि विभागाला थोडा निधी मिळालाय, त्यातून स्मार्ट बोर्ड घ्यावा का?

सर, आधी "कळलं का?" हा प्रश्न विचारणं बंद करा. त्याला "नाही" म्हणण्याची हिंमत शंभर मुलांसमोर कोण करणार? आणि बऱ्याच मुलांना आपल्याला कळलेलं नाही हेच कळलेलं नसतं, ती खोटं बोलत नसतात. त्याऐवजी असं काही विचारा की न कळलेल्या मुलाचं उत्तर वेगळं येईल.

उदाहरणादाखल माझा नेहमीचा प्रश्न सांगते. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला पोचला त्या क्षणी त्याचं त्वरण किती? एक: शून्य. दोन: जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण), खालच्या दिशेने. तीन: जी, वरच्या दिशेने. चार: चेंडू किती जोराने फेकला त्यावर अवलंबून. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मग मी "दाखवा" म्हटलं की उत्तराइतकी बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याची बोटं बघून आपली बदलता येत नाहीत. बारावीला फिजिक्सला ऐंशी गुण घेतलेली मुलंही इथे बिनधास्त एक बोट दाखवतात. गतीची तिन्ही समीकरणं त्यांना झोपेत विचारली तरी येतात!

इथे आपला हात आपसूक खडूकडे जातो, तो आवरायचा. बरोबर उत्तर सांगायचं नाही. "शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा" एवढंच म्हणायचं आणि बाकांमधून फिरायचं. दोन-तीन मिनिटं गोंगाट होईल, होऊ द्या. कानावर काय येतं? "अरे थांबला ना बॉल, मग त्वरण कुठून येणार?" त्यावर मागच्या बाकावरून, "थांबला आणि त्वरणपण नाही, मग तो तिथेच लटकून राहील की!" हे दुसरं वाक्य मी फळ्यावर तीनदा लिहिलं असतं तरी जे झालं नसतं, ते एका मुलाने दुसऱ्याला सुनावल्यावर होतं. पुन्हा बोटं मागायची. आता दोन बोटं दाखवणारे हात बरेच वाढलेले असतात. मग पाच मिनिटं तुम्ही बोला. त्या पाच मिनिटांत वर्ग जितकं ऐकतो तितकं एरवी अख्ख्या तासात ऐकत नाही, कारण आता प्रत्येकाने आपली एक बाजू घेतलेली असते.

ही पद्धत काही माझी नव्हे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून ती वापरत आले. त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट मला आवडते. न्यूटनच्या नियमांवरची अगदी साधी, आकडेमोड नसलेली चाचणी त्यांनी वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? हार्वर्डच्या वर्गातही दोन वेगवेगळे कप्पे असतात म्हणायचे, मग आपण कशाला लाजायचं. त्या धाटणीची सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली काढलेली फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी. तिच्या जोरावर रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ कोर्समधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातला किती भाग सत्राअखेर आला, हे त्यांनी काढलं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ०.२३ आणि मुलांना विचार करून बोलायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. पुढे २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास तपासले. त्यात व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के निघालं, दुसऱ्या प्रकारात सुमारे २२. परदेशातले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उतरतील असं मी म्हणणार नाही. तिकडे मुलं वाचून येतात, आपल्याकडे एसटी चुकली तर मुलगा पहिला तास संपल्यावर येतो. पण विभागप्रमुखांशी बोलताना हे आकडे खिशात असलेले बरे.

स्वतःचे आकडे तर त्याहून उपयोगी. सत्राच्या पहिल्या आठवड्यात असे दहा प्रश्न कागदावर द्या. नाव लिहायचं, पण गुण नाहीत हे आधी स्पष्ट सांगा, नाहीतर कॉपी होते. उत्तरं सांगू नका, कागद परत घ्या. सत्राअखेर तेच प्रश्न पुन्हा. वर्गाची सरासरी दहापैकी चारावरून सातावर गेली तर सहा येत नव्हते त्यातले तीन आले, म्हणजे ०.५. एवढा हिशेब पुरे. पहिल्या वर्षी हा आकडा काय येईल याची धास्ती वाटेल, पण तो तुमच्याजवळच ठेवायचा आहे.

आता वेळेचं. ४८ मिनिटांच्या तासात असा एक प्रश्न नऊ-दहा मिनिटं खातो. तासाला एक, फार तर दोन प्रश्न बसतात. ही मिनिटं डिक्टेशनमधून काढायची. आपल्याकडे सरांनी सांगितलेलं मुलांनी उतरवून घेणं याला शिकवणं म्हणण्याची जुनी रीत आहे. जे छापील पुस्तकात आहे ते उतरवून घेण्यात अर्धा तास घालवायचं कारण मला कधीच समजलं नाही. डेरिव्हेशन, म्हणजे सूत्र कसं निघालं त्याच्या पायऱ्या, स्वच्छ अक्षरात लिहून फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ज्यांच्याकडे फोन नसेल त्यांच्यासाठी झेरॉक्सच्या दोन प्रती ग्रंथालयात ठेवा. मात्र प्रत्येक प्रकरणातलं एक डेरिव्हेशन, जे खरोखर महत्त्वाचं आहे ते, फळ्यावर खडूने सावकाश करा. दर दोन ओळींनी थांबून "पुढची ओळ काय असेल?" विचारा. पीपीटीवर डेरिव्हेशन दाखवू नये या मताची मी आहे. पानभर गणित एका क्लिकमध्ये समोर उभं राहिलं की ते कुणी तरी एकेक पायरी विचार करत लिहिलं होतं हेच मुलांना दिसत नाही.

मुलं कुरकुर करतील, याची तयारी ठेवा. "सर शिकवत नाहीत, नुसतं विचारतात" ही तक्रार पहिल्या महिन्यात विभागप्रमुखांच्या टेबलावर पोचतेच. २०१९ साली हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं: छान रंगलेल्या व्याख्यानानंतर मुलांना आपण जास्त शिकलो असं वाटतं, आणि स्वतः धडपडलेल्या वर्गात जास्त शिकूनही कमी शिकलो असं वाटतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगून टाका की हे असं वाटणार आहे, आणि का. तक्रार थांबत नाही, पण तिची धार जाते.

गणिताच्या मॅडमसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. आमच्या गणित विभागातले एक सहकारी इंटिग्रेशन शिकवून झालं की एक छेद एक्सचा वर्ग याचं उणे एक ते एक या मर्यादांमध्ये इंटिग्रेशन करायला सांगत. अख्खा वर्ग दोन मिनिटांत उत्तर काढतो: उणे एक छेद एक्स, मर्यादा घातल्या, उत्तर उणे दोन, खाली दोन रेघा. मग सर म्हणत, "हे उत्तर चूक आहे. एकही पायरी न तपासता, चूक का ते सांगा." शांतता. फळ्यावर आलेख काढला की एखादी मुलगी दबक्या आवाजात म्हणते, "सर, फंक्शन सगळीकडे पॉझिटिव्ह आहे. मग एरिया निगेटिव्ह कसा?" आणि मग सगळ्यांचं लक्ष शून्यापाशी जातं, जिथे आलेख आकाशात निघून गेलाय आणि जिथे वापरलेलं प्रमेय लागूच नाही. प्रमेयाच्या विधानात "सतत फंक्शन" (आलेख कुठे न तुटणारं) ही अट का लिहिलेली असते, हे त्या दिवशी कळतं. तोवर ती अट पेपरात लिहायची म्हणून लिहिलेली असते.

गणितात मला आणखी एक हत्यार प्रभावी वाटतं: "सिद्ध करा"च्या जोडीला "उदाहरण द्या" आणि "खरं की खोटं". प्रत्येक बाउंडेड (ठरावीक मर्यादेत राहणारी) सिक्वेन्स कन्व्हर्ज होते का, म्हणजे एका संख्येच्या जवळ जात राहते का? दोन सिक्वेन्स कन्व्हर्ज होत नाहीत, पण त्यांची बेरीज होते, असं होऊ शकेल का? डेरिव्हेटिव्ह शून्य आहे पण तिथे कमाल किंवा किमान नाही, असं एक फंक्शन सांगा. असे प्रश्न गाईडमध्ये फारसे सापडत नाहीत, आणि उत्तर एका ओळीचं असल्यामुळे तपासायला वेळ लागत नाही. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा घेतात, तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळा. सगळं आपल्या मुलांना झेपणारं नाही, पण सोपं करून घेण्यासारखं पुष्कळ आहे. जी दोन-चार मुलं त्यात रमतील त्यांना एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिरांचा अर्ज भरायला लावा. प्रा. एस. कुमारेसन यांनी ती १९९३ साली सुरू केली. तिथून परत आलेली मुलं वर्गात आपल्यालाच प्रश्न विचारून भंडावतात.

आता प्रॅक्टिकलकडे येते, कारण खरी गळती तिथे आहे. आठवड्यातले कितीतरी तास लॅबमध्ये जातात आणि त्यातून जे उरतं ते म्हणजे सुवाच्य अक्षरातलं सर्टिफाइड जर्नल, बहुधा मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवलेलं. केमिस्ट्रीत बघा. ब्युरेटवर, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या नळीवर, ०.१ मिलीपर्यंत वाचता येतं आणि तिन्ही रीडिंग न चुकता १०.२, १०.२, १०.२. खालच्या चौकटीत सी.बी.आर. (न बदलणारं ब्युरेट रीडिंग) १०.२. पहिलं रीडिंग १०.५ आलं होतं ते कुठे गेलं? ते खोडलं, कारण लिहिलं असतं तर ओरडा बसला असता. मुलांना खोटं लिहायला आपणच शिकवतो.

भौतिकशास्त्रातला आपला लाडका प्रयोग म्हणजे साधा लंबक. जर्नलमध्ये जीची किंमत ९८० किंवा ९८१ सेंमी प्रति सेकंद वर्ग. गंमत अशी की महाराष्ट्राच्या अक्षांशांवर जी तेवढा नसतोच. पुण्याला तो ९७८.४ च्या आसपास आहे. म्हणजे ज्याने ९८१ "आणला" त्याने पुस्तकातून आणला. आणि त्याला जुळवाजुळव करायची गरजही नव्हती. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांना साधारण ४०.२ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर आवर्तकाळात (एका आंदोलनाच्या वेळात) अर्धा टक्का चूक, आणि जीमध्ये तिच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १० सेंमी. ९७८ आणि ९८१ यांतला फरक या दोऱ्याला आणि घड्याळाला दिसतच नाही. हा हिशेब ज्या मुलाने स्वतः केला, तो पुन्हा दशांशचिन्हानंतर चार आकडे लिहीत नाही.

म्हणून मी "जी काढा" हे शीर्षकच बदलून घेतलं होतं. प्रश्न असा: पुस्तकात लिहिलंय की कोन लहान असावा. लहान म्हणजे किती, ते तुमच्या घड्याळाने सांगा. बाकी उपकरणं तीच. दहा अंशांवरून सोडला तर आवर्तकाळ सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो, म्हणजे वीस आंदोलनांत सेकंदाचा जेमतेम बारावा भाग. तो पकडता येत नाही. तीस अंशांवरून सोडला तर १.७ टक्के, म्हणजे वीस आंदोलनांत पाऊण सेकंदाच्या जवळ. तो पकडता येतो. मधे कुठेतरी सीमा आहे आणि ती प्रत्येक जोडीची थोडी वेगळी येते, कारण प्रत्येकाचा अंगठा वेगळा. तीस अंशांच्या फेरीत रीडिंग अपेक्षेपेक्षा जरा कमी भरतं, तेव्हा एखादा हुशार विद्यार्थी विचारतो की झोका तर हळूहळू लहान होत जातोय, मग मी तीस अंश धरायचे की पंचवीस? असा प्रश्न आला की त्या बॅचचं प्रॅक्टिकल झालं असं खुशाल समजा, जर्नल नंतर लिहूदेत. आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून हे उतरवता येत नाही, कारण कुणाचंच उत्तर कुणाशी जुळत नाही.

प्रयोगांची यादी विद्यापीठाची असते, ती बदलता येत नाही हे मान्य. यादीतला प्रयोग तोच ठेवून त्यातला प्रश्न बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. दोन नियम मात्र कडक ठेवा. रीडिंग कच्च्या वहीत, पेनने, खाडाखोड करायची तर एक रेघ मारून, आणि लॅबमधून बाहेर पडण्याआधी त्या पानावर तुमची सही. जर्नलचे निम्मे गुण आलेखाला आणि चुका कुठून आल्या असाव्यात यावरच्या एका परिच्छेदाला. उद्देश, साहित्य, आकृती याला गुणच देऊ नका, ते आपोआप आखूड होतं.

भाषेचा मुद्दा तुम्ही ओझरता काढलात, पण तो मोठा आहे. अकरावी-बारावीत इंग्रजीतून विज्ञान शिकूनही ही मुलं विचार मराठीतच करतात, किंवा अहिराणीत, वऱ्हाडीत, घरी जे बोलत असतील त्यात. शेजाऱ्याला पटवण्याची चर्चा इंग्रजीत करायला लावली तर चर्चा होणारच नाही. चर्चा त्यांच्या भाषेत, संज्ञा इंग्रजीत, अशी सरमिसळ खुशाल चालू द्या. लिहिताना मात्र आठवड्याला एक उत्तर पाच ओळींचं, स्वतःच्या इंग्रजीत, व्याकरणाचे गुण न कापता. पहिल्या चाचणीत "कारण मराठीत लिहिलं तरी चालेल" अशी सूट दिली की कोऱ्या कागदांवर काहीतरी उमटतं, आणि तेव्हा लक्षात येतं की मुलाला भौतिकशास्त्र येत होतं, वाक्य येत नव्हतं. काहींना दोन्ही येत नसतं, पण निदान कुठे काम करायचं ते समजतं.

विद्यापीठाचा पेपर तुमच्या हातात नाही, अंतर्गत गुण आहेत. त्यातला निदान एक प्रश्न वर्गातल्या बोटांच्या प्रश्नांसारखा ठेवा, "कारण द्या" जोडून. परीक्षेत येत नाही ते मुलं गंभीरपणे घेत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. नवीन शैक्षणिक धोरणाने अंतर्गत मूल्यमापनाला जागा दिली आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती असाइनमेंटच्या नावाखाली इंटरनेटवरून उतरवलेल्या पानांनी भरली जाते. घरून लिहून आणायचं काहीही देऊ नका. पंधरा मिनिटं, वर्गात, वही उघडी ठेवून, असा एक प्रश्न पुरतो.

एकट्याने हे करायला जाऊ नका. तासिका तत्त्वावर असताना तर नाहीच, पुढच्या वर्षी ऑर्डर निघेल की नाही याची टांगती तलवार असताना वर्गात गोंगाट करवायला धैर्य लागतं. विभागातला एक कायम प्राध्यापक सोबत घ्या, एकमेकांच्या तासाला मागे बसा. मानखुर्दचं होमी भाभा केंद्र आणि पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था इथे कॉलेजच्या शिक्षकांसाठी चांगल्या कार्यशाळा होतात. भौतिकशास्त्र शिक्षकांची आयएपीटी ही संघटना १९८४ पासून आहे, तिचे सभासद व्हा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीत सर्टिफिकेट लावण्यापुरत्या भरणाऱ्या ऑनलाइन कार्यशाळा मात्र सोडून द्या. तेवढ्या वेळात लंबकाचा प्रयोग स्वतः एकदा करून बघा.

आता निधी. स्मार्ट बोर्ड घेऊ नका. दोन वर्षांत त्याचं पेन हरवतं आणि मग त्यावर सूचना चिकटवतात. सिम्युलेशन दाखवायला एक साधा प्रोजेक्टर पुरेसा आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशन्स फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीतही मिळतात. गणितासाठी जिओजेब्रा तसंच फुकट. मुलांच्या मोबाइलमधल्या सेन्सरवर प्रयोग करायला जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स ॲप घ्या. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच टाळी ते टाळी वेळ मोजतं आणि अंगठ्याची चूक किती असते ते लगेच उघडं पडतं. पैसे खर्च करायचे ते असे: प्रत्येक जोडीला एक याप्रमाणे स्टॉपवॉच, मोजपट्ट्या, कोनमापक, वर्गासाठी दोन चांगले मल्टिमीटर, केमिस्ट्रीला विचारून न गळणाऱ्या ब्युरेट. पाचजणांत एक उपकरण असेल तर एक मुलगा प्रयोग करतो आणि चौघं रीडिंग उतरवतात, त्यामुळे संख्या आधी वाढवा, किंमती उपकरण नंतर. आणि थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायला विभागप्रमुखांना आत्ताच सांगा, कारण स्पेक्ट्रोमीटरचे स्क्रू सत्र सुरू झाल्यावरच ढिले सापडतात आणि तोवर मार्च संपून बजेट परत गेलेलं असतं.